चर्चच्या शिबिराला मुले पाठवताना

पत्र (संक्षिप्त): आम्ही दोघेही नोकरी करतो. मुलगी आठ वर्षांची आहे, मुलगा साडेचार वर्षांचा. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांचे काय करायचे, हा दर वर्षीचाच प्रश्न. सासूबाई घरी असतात, पण त्यांचे गुडघे दुखतात आणि दोघांमागे दिवसभर धावणे त्यांना जमत नाही. आमच्याच अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहते. त्यांच्या चर्चमध्ये सुट्टीत दहा दिवसांचे मुलांचे शिबिर असते, सकाळी नऊ ते साडेबारा. गाणी, गोष्टी, हस्तकला, खेळ, मधल्या वेळी खाऊ. शुल्क अगदी नाममात्र. शेजारीण स्वतः तिथे शिकवते आणि दोन्ही मुलांना नेण्या-आणण्याची तयारी तिने दाखवली आहे. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे मला यात काही वावगे वाटत नाही. यजमान म्हणतात, "दहा दिवसांत काय होतंय?" सासूबाईंचा मात्र ठाम विरोध आहे. आमचे कुलदैवत जोतिबा; मुले रोज दिवेलागणीला त्यांच्याबरोबर शुभंकरोती म्हणतात. गेल्या वर्षी मुलगी मैत्रिणीबरोबर दोन दिवस याच शिबिराला गेली होती. दुसऱ्या दिवशी हातात रंगीत मण्यांचे ब्रेसलेट घालून आली आणि तिने विचारले, "आजी, आपला जोतिबा खोटा देव हाय का?" सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. मी "असं काही नसतं गं" म्हणून विषय बदलला आणि तिसऱ्या दिवसापासून तिला पाठवले नाही. यंदा तीच जायचे म्हणते आहे. नावनोंदणी पुढच्या आठवड्यात बंद होईल. सासूबाई जुन्या विचारांच्या आहेत म्हणून त्यांचे मन मोडून पाठवावे, की शेजारणीला दुखावून नाही म्हणावे?
– एक आई, कोल्हापूर

ताई,

तुमच्या पत्राच्या शेवटच्या वाक्यात दोन मोठ्या माणसांची मने आहेत. ज्यांना पाठवायचे की नाही ते ठरवायचे आहे, त्या मुलांचा त्यात उल्लेखच नाही. शिवाय सबंध पत्रात तुम्ही दोघांचा विचार एकत्रच केला आहे, जणू साडेचार आणि आठ ही एकच वये आहेत. म्हणून माझे मत आधी सांगून टाकते आणि कारणे मागाहून देते. मुलाला यंदा पाठवू नका. मुलीला पाठवायला हरकत नाही, मात्र शिबिर काय आहे हे नीट माहीत करून घेऊन, आणि सासूबाईंशी, शेजारणीशी व खुद्द मुलीशी मोकळे बोलणे झाल्यावरच.

शिबिर काय आहे, इथूनच सुरुवात करू, कारण तुमच्या घरातील तिघांनीही त्याविषयी आपापली कल्पना करून घेतलेली दिसते. यजमानांना ते छंदवर्गासारखे वाटते, तुम्हाला तुमच्या शाळेसारखे आणि सासूबाईंना बाटवण्याच्या डावासारखे. तुम्ही केलेल्या वर्णनावरून ते प्रोटेस्टंट पंथाच्या चर्चमध्ये सुट्टीत भरणारे व्हेकेशन बायबल स्कूल असावे. आपल्याकडे त्याला नुसते व्हीबीएस म्हणतात. नाव सरळ आहे: सुट्टीतील बायबलची शाळा. नोहाचे तारू, धिप्पाड गल्याथला हरवणारा दावीद, सिंहांच्या गुहेतला दानिएल, हरवलेले मेंढरू अशा गोष्टी, हातवारे करून म्हणायची गाणी, पाठ करायची वचने, गोष्टीवर बेतलेली हस्तकला आणि अखेरच्या दिवशी पालकांसमोर कार्यक्रम, असा त्याचा सर्वसाधारण साचा असतो. खेळ आणि खाऊ भोवतीने असतात. मधोमध येशूवरील श्रद्धा असते. चालवणारे ते लपवत नाहीत, आणि म्हणून त्यांना ढोंगी म्हणता येणार नाही. पण त्याचाच दुसरा अर्थ असा की, "दहा दिवसांत काय होतंय" म्हणून ते झटकूनही टाकता येणार नाही. जे लोक आपली सुट्टी खर्चून मुलांना मनापासून काही शिकवतात, ते मुलांच्या मनात काहीतरी रुजवतातच.

या शाळांचे मूळ सांगताना न्यूयॉर्कमधील एलायझा हॉज या बाईंचे नाव बहुधा घेतले जाते. १८९८ च्या उन्हाळ्यात, शहराच्या पूर्वेकडील दाट वस्तीत रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी वर्ग भरवले, आणि त्यासाठी भाड्याने घेतलेली जागा चक्क एक बिअरचा गुत्ता होती. रॉबर्ट बोव्हिल यांनी १९०१ पासून ही कल्पना पुढे नेली आणि ती देशोदेशी पसरली. हे सांगण्याचे कारण एवढेच की, मोकळ्या मुलांची सोय आणि धर्मशिक्षण ही दोन्ही कामे या उपक्रमात आरंभापासून जोडीने चालत आली आहेत. तुमच्या पत्रात सोयीचा भाग जरा ओशाळवाणेपणाने आला आहे असे मला वाटले. ओशाळण्याचे कारण नाही. नोकरी करणाऱ्या आईबापांना सोय लागतेच. फक्त सोयीबरोबर घरात काय येणार आहे, हे ठाऊक असावे.

"मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले" हा तुमचा आधारही थोडा तपासून पाहू. कॉन्व्हेंट शाळेत सकाळी प्रार्थना असते, नाताळात गोठा मांडला जातो. पण दिवसातील बाकीचे सगळे तास गणित, भूगोल आणि मराठीचे असतात, आणि वर्गात सर्व धर्मांची मुले असणार हे शाळेने गृहीत धरलेले असते. शिवाय तिथे कायद्याचे कुंपण आहे. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेत कोणालाही धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडता येत नाही, आणि विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकाची संमती लागते, असे राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड सांगतो. चर्चचे शिबिर म्हणजे अशी शाळा नव्हे. तिथे धर्मशिक्षण हाच तास आहे आणि तुम्ही भरून दिलेला नावनोंदणीचा अर्ज हीच तुमची संमती आहे. म्हणून ती जाणून दिलेली असावी.

आता सासूबाई. त्या "जुन्या विचारांच्या" आहेत, असे लिहून तुम्ही त्यांना वादाबाहेर काढलेत, पण गेल्या वर्षी जे घडले त्याची झळ एकट्या त्यांनाच बसली. आयुष्यभर ज्या देवापुढे गुलाल उधळून "चांगभलं" म्हटले, त्याच्याविषयी नातीने तो प्रश्न विचारावा आणि घरात कोणीच त्याचे उत्तर देऊ नये, या दोन गोष्टींपैकी त्यांना अधिक कशाने दुखावले असेल? मला दुसरी शक्यता अधिक वाटते. त्यांना दहा दिवसांत नातवंडे ख्रिस्ती होतील अशी भीती असेलच असे नाही. आपण जे देतो आहोत ते या घरात कोणाला नको आहे की काय, ही भीती असू शकते. ती तर्काने जाणार नाही. त्यांना विचारा, ऐका, आणि शक्य असेल तर पहिल्या दिवशी त्यांनाच मुलीबरोबर जाऊन तासभर मागे बसू द्या. गुडघे दुखत असले तरी खुर्ची मिळेलच.

डाव आहे, या संशयाविषयीही थोडे लिहायला हवे, कारण तो तुमच्या घरापुरता नाही. शुल्क इतके कमी कसे, असे अनेकांना वाटते. अशा शिबिरांत शिकवणारे बहुतेक जण मंडळीतील, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतील, तरुण मुले-मुली आणि शब्बाथशाळेच्या (रविवारच्या धर्मवर्गाच्या) शिक्षिका असतात, ते सगळे मानधनाशिवाय काम करतात, आणि साहित्याचा व खाऊचा खर्च मंडळीच्या वर्गणीतून होतो. आपल्या गल्लीतला गणेशोत्सव असाच तर चालतो. अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात आहे. ते धर्मप्रसारासाठी आले होते, हे त्यांनी कधी लपवले नाही, आणि मिशनच्या शाळांनी व मिरजेत १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी सुरू केलेल्या रुग्णालयाने या भागाला जे दिले तेही नाकारता येत नाही. तुमच्या वरच्या मजल्यावरचे कुटुंब मात्र मिशनरी नाही. ते इथलेच, पिढ्यान्‌पिढ्या कोल्हापुरी बोलणारे, नाताळात तुमच्या घरी करंज्या पाठवणारे लोक असतील. (आमच्या शेजारच्या घरातून येणाऱ्या करंज्यांत खोबरे इतके सढळ असायचे की दिवाळीतल्या आमच्या करंज्या आम्हाला फिक्या वाटत. आईला हे कधी सांगितले नाही.) शाहू महाराजांनी या शहरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी करवली, त्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांचेही होते. प्रत्येकाने आपले घर राखून एकत्र शिकावे, हे या गावाला नवे नाही.

एक उलटा प्रसंग मनात आणून पाहा. तुमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये दहा दिवसांचे संस्कार शिबिर आहे: स्तोत्रे, गीतेचे श्लोक, पुराणकथा, सूर्यनमस्कार. तुम्ही शेजारणीला आपुलकीने म्हणता, "पाठवा की तुमच्या मुलांना, आपलंच आहे." तुमच्या मते ते निव्वळ चांगल्या सवयींचे शिबिर असेल, तिला मात्र त्यात धर्म स्पष्ट दिसेल. गणेशोत्सवात तिची मुले आरतीला येऊन उभी राहत असतील आणि कदाचित प्रसाद घेत नसतील. तुम्ही ते मनाला लावून घेतले नसेल. तितकीच मोकळीक तुमच्या मुलीलाही तिच्या चर्चमध्ये असायला हवी, आणि ती मागताना तुम्हाला संकोच वाटण्याचे कारण नाही.

ब्रेसलेटविषयी तुम्ही मुलीला काही विचारले होते का? त्या मण्यांना अर्थ असतो. काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचे रक्त, पांढरा म्हणजे धुऊन निघालेले मन, सोनेरी किंवा पिवळा म्हणजे स्वर्ग, हिरवा म्हणजे श्रद्धेतील वाढ. लंडनचे धर्मोपदेशक चार्ल्स स्पर्जन यांनी १८६६ मध्ये आपल्या प्रवचनात काळ्या, लाल आणि पांढऱ्या पानांच्या, अक्षरे नसलेल्या पुस्तकाचा दाखला दिला होता. पुढे इतरांनी त्यात सोनेरी आणि हिरव्या रंगाची भर घातली आणि वाचता न येणाऱ्या मुलांना ख्रिस्ती श्रद्धा समजावण्याचे ते नेहमीचे साधन झाले. आठ वर्षांच्या मुलीला हे कळते, पण अर्धे कळते. "सगळी माणसे पापी आहेत" हे वाक्य ख्रिस्ती घरात वाढलेल्या मुलाने क्षमेच्या आणि प्रेमाच्या कितीतरी गोष्टींच्या सोबतीने ऐकलेले असते; तुमच्या मुलीने ते दोन दिवसांत ऐकले आणि तिसऱ्या दिवशी तिचे जाणे बंद झाले. म्हणजे तिच्या हाती काळा मणी उरला आणि गोष्ट मध्येच तुटली.

तिचा प्रश्नही असाच अर्ध्या कळण्यातून आला असावा. तिथे कोणी जोतिबाचे नाव घेतले असेलच असे नाही. दहा आज्ञांपैकी पहिली आज्ञा एकाच देवाची उपासना करायला सांगते; एखाद्या तरुण शिक्षकाने "खरा देव एकच" असे साधेपणाने सांगितले असेल आणि मुलीने घरी येता येता हिशेब मांडला असेल: एकच खरा, तर आपला कोणता? मूल हुशार असल्याचे ते लक्षण आहे. अर्थात कोणी खरोखर "तुमचे देव खोटे" असे म्हणालेही असेल, आणि तसे असेल तर ती वेगळी गोष्ट ठरते. नक्की काय ऐकले, हे तुम्ही तिला विचारले नाहीत. आता विचारा.

मुलाला का नको, याचे कारण इथेच आहे. साडेचार वर्षांच्या मुलाला "ते असे मानतात" आणि "हे असे आहे" यांतील फरक धरता येत नाही. साधारण दोन ते सात या वयात मुलाला दुसऱ्याच्या जागेवरून पाहणे अवघड जाते, असे स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांचे निरीक्षण होते. नंतरच्या अभ्यासकांनी वयाच्या या रेषा बऱ्याच सैल केल्या, तरी मोठ्या माणसाने ठामपणे सांगितलेले या वयाच्या मुलाला खरेच वाटते, हे कोणतीही बालवाडीची बाई सांगेल. आजी एक सांगते, टीचर दुसरे सांगते, दोघीही प्रेमळ. यांत कोणाची तरी बाजू घ्यावी लागेल असे त्याला वाटेल. ख्रिस्ती घरातील एवढ्याच मुलाविषयीही दुसऱ्या धर्माच्या शिबिराबाबत मी हेच सांगितले असते. शिवाय बहीण बाहेर गेली की एका मुलाला सांभाळणे सासूबाईंना सोपे जाईल, हा हिशेबही विसरू नका.

शेजारणीशी बोलताना आडून आडून विचारू नका. तिला सांगा, "तू बोलावलंस याचा आनंद आहे, आणि पाठवायचं मनात आहे, पण मला आधी काही गोष्टी विचारायच्यात." यंदाची पुस्तिका आणि रोजचे वेळापत्रक मागून घ्या, ते द्यायला कोणी का-कू करत असेल, तर तेवढ्यावर निर्णय करून टाकावा. इतर धर्मांच्या देवांविषयी मुलांपुढे काय बोलले जाते, ते विचारा. काही शिबिरांत, विशेषतः शेवटच्या दिवसांत, "येशूला हृदयात कोण घेणार?" असे विचारून मुलांना हात वर करायला किंवा प्रार्थना मागोमाग म्हणायला सांगतात. ज्या श्रद्धेत ती प्रार्थना फार मोलाची आहे, तिथे ती दुसऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलीकडून म्हणवून घेणे योग्य नाही, हे शेजारणीलाही पटेल असे मला वाटते. त्या वेळी मुलगी शांत बसेल, हात जोडायचे की नाही हे तिचे ती ठरवेल, आणि तिला पुढे बोलावले जाणार नाही, एवढे आश्वासन घ्या. मित्राला आणले तर बक्षीस, अशी प्रथा असते का, तेही विचारा; मला स्वतःला ती आवडत नाही, मुलांना त्यात ओढू नये. तुमच्या विचारण्याने शेजारीण दुखावेल असे तुम्ही धरून चालला आहात. पण जी बाई आपली श्रद्धा मनापासून मानते, तिला दुसऱ्याची श्रद्धा मनापासून मानणारी आई समजायला जड जाऊ नये.

याखेरीज जे कोणत्याही शिबिरात पाहावे ते इथेही पाहा, मग ते पोहण्याचे असो, कुस्तीचे असो वा देवळातले. किती मुलांमागे किती मोठी माणसे आहेत, स्वच्छतागृहात लहान मुलींबरोबर कोण जाते, एकटे मूल आणि एकटे मोठे माणूस बंद खोलीत राहणार नाही याची काळजी घेतली जाते का, घरी न्यायला शेजारणीशिवाय कोणी आले तर मूल सोडतात का, फोटो कुठे टाकतात. जाण्या-येण्याची जबाबदारी शेजारणीने घेतली आहे म्हणून ही चौकशी तिच्यावर सोडू नका. ओळखीच्या माणसाला असे प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास, हा समज आपल्याकडे फार घट्ट आहे आणि तो मुलांना महागात पडतो. मुलांसाठीचा १०९८ हा मदतक्रमांक मुलीला पाठ असावा, शिबिराला जावो न जावो.

चौकशीअंती तुम्हाला नाही म्हणावेसे वाटले, तर सासूबाईंच्या नावावर नाही म्हणू नका. "आमच्या आईंना आवडत नाही" हे वाक्य सोपे असते, पण त्याने वरच्या मजल्यावर आणि तुमच्या स्वयंपाकघरात, दोन्हीकडे गाठ बसते. "यंदा आम्ही दोघांनी नको असं ठरवलं" एवढे पुरे आहे. त्या साडेतीन तासांची सोय मग दुसरीकडे पाहावी लागेल. दोन-तीन घरांनी पाळीपाळीने मुले सांभाळणे ही आपल्या गल्ल्यांतली जुनी रीत अपार्टमेंटमध्येही चालते.

पाठवायचे ठरले, तर दहाही दिवस पाठवा. गोष्ट पुन्हा मध्येच तुटू देऊ नका. रोज दुपारी तिने आजीला त्या दिवशीची गोष्ट सांगावी आणि संध्याकाळी आजीने तिला आपली एक सांगावी. जोतिबाने रत्नासुराला मारले ती कथा दावीद-गल्याथच्या शेजारी चांगली शोभेल. शेवटच्या दिवसाच्या कार्यक्रमाला तुम्ही दोघे जा. सासूबाईंना यायचे असेल तर त्याही येऊ देत, नसेल तर आग्रह नको.

पण हे सगळे नंतरचे. एक वर्षापूर्वी विचारलेला प्रश्न तुमच्या घरात अजून तसाच पडून आहे, आणि मुलगी तो विसरली असेल असे मला वाटत नाही. आज रात्री, सासूबाई जवळ असताना, तुम्हीच तो काढा. तिला सांगा की, वरच्या मावशींच्या घरी एकाच देवाला मानतात आणि त्याला येशूच्या रूपात ओळखतात. आपल्या घरी आजी, आजीची आई आणि तिचीही आई जोतिबाला मानत आल्या. दोन्ही घरांतली माणसे आपल्या देवाला खरा मानतात, आणि मोठ्या माणसांनाही याहून जास्त ठामपणे सांगता येत नाही. तिला आणखी विचारायचे असेल तर विचारू द्या. उत्तर येत नसेल तिथे येत नाही म्हणा, आणि जोतिबाविषयीचे प्रश्न आजीकडे सोपवा. अर्ज भरायला अजून आठवडा आहे.